डोंगल घेऊ का? प्रवासात लॅपटॉपला नेट कुठून द्यायचं

आमच्या दुकानात काउंटरखाली एक खण आहे. लॅपटॉप दुरुस्तीला आलेली माणसं ‘हे पण ठेवा, कुणाला उपयोगी पडलं तर’ म्हणून जे काही टाकून जातात, ते सगळं त्यात. चार्जर कमी, सिम घालून लॅपटॉपला नेट देणारे डोंगलच जास्त. काही यूएसबीत खुपसायचे, काही खिशात मावणारे चपटे वायफायचे डबे. प्रत्येकाने हौसेने घेतला, दोन-चार प्रवास केले आणि परत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आला.

त्यामुळे भाचीने जेव्हा विचारलं, "मामा, डोंगल घेऊ का हो? तुमच्याकडे चांगला कुठला आहे?" तेव्हा मी विकायचं सोडून तिची उलटतपासणी सुरू केली. ती पुण्यात नोकरीला आहे. शनिवार-रविवार सोलापूर, सोमवारी सकाळी हुतात्मा एक्सप्रेस, आणि गाडीतच लॅपटॉप उघडून कामाला सुरुवात. कुर्डुवाडी गेलं की मीटिंग तुटते, हे तिचं गाऱ्हाणं.

"तुटते म्हणजे नेमकं काय होतं?"

"काय होणार? गोल गोल फिरतं."

गोल गोल फिरणं हे लक्षण झालं, दुखणं वेगळंच असू शकतं. प्रवासात नेट रखडायची कारणं मुख्यतः चार. रेंज नसते, किंवा रेंज असून टॉवरवर गर्दी असते, किंवा दिवसाचा डेटा संपलेला असतो, नाहीतर फोनच तापलेला असतो. चारही वेळा स्क्रीनवर तेच चक्र फिरतं आणि माणूस चारही वेळा डोंगलच घ्यायला निघतो. डोंगलने यातलं एखादंच बरं होतं, तेही अर्धवट.

आधी रेंज म्हणजे काय ते बघू

फोनवरच्या काड्यांवर फार विसंबू नका. किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा बघायचा असेल तर अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन सिमचं स्टेटस उघडा. तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. उणे ८५ च्या आसपास असेल तर ४जीची रेंज चांगली. उणे ११० च्या खाली गेला की कामाची आशा सोडायची. हे माप सरळ पट्टीसारखं वाढत नाही. आकडा १० ने घसरला की ताकद दहापट कमी होते. म्हणजे उणे ८५ वरून उणे ११५ वर आलात तर सिग्नल हजारपट क्षीण झाला. काड्यांत मात्र चारच्या दोन झालेल्या दिसतात.

दुसरी गंमत अशी, की टॉवर मोठ्या आवाजात बोलतो आणि फोन कुजबुजतो. ४जी फोनची प्रक्षेपणाची कमाल ताकद साधारण २०० मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा पाचवा हिस्सा. टॉवर त्याच्या कितीतरी पट ताकदीने पाठवत असतो. म्हणून कमी रेंजमध्ये तुम्हाला समोरच्या सगळ्यांचं नीट ऐकू येतं आणि ते मात्र म्हणत राहतात, ‘अहो, तुमचा आवाज तुटतोय.’ भाचीचं नेमकं हेच व्हायचं आणि तिला वाटायचं हेडफोन बिघडला. (हेडफोन बदलूनही झाला होता. आमच्याच दुकानातून.)

गाडीत हे आणखी बिघडतं. एसी डबा म्हणजे धातूची बंद पेटी, वर खिडकीला उन्हापासून वाचवणारी विशेष काच. दोन्ही सिग्नल अडवतात. साध्या डब्यात उघड्या खिडकीशी रेंज बरी मिळते, धूळही मिळते. शिवाय वेग. ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. टॉवर पाच किलोमीटरच्या अंतराने धरले तरी पावणेतीन मिनिटांत फोनला एक टॉवर सोडून दुसरा धरावा लागतो, आणि त्याच वेळी गाडीतले बाकीचे सगळे फोनही तीच उडी मारतात. सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्ये १,१२८ आसनं असतात. एवढी माणसं एकदम दारात आली तर कुणाची तरी चप्पल राहणारच.

काड्या पूर्ण आणि नेट शून्य

हे दुखणं सोलापूरकराला समजावणं सोपं. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांनी मोटारी लावल्या की आपल्या नळाला करंगळीएवढी धार. जलवाहिनी दारापर्यंत आहे, नळही चांगला आहे, पाणीच वाटून गेलंय. टॉवरचं तसंच. काड्या सांगतात जलवाहिनी दारापर्यंत आली आहे की नाही. धार किती मिळेल हे बाकी किती जण भरतायत त्यावर.

आषाढीला पंढरपुरात ज्यांनी व्हिडिओ कॉलवर घरच्यांना कळसाचं दर्शन घडवायचा प्रयत्न केलाय, त्यांना हे अनुभवाने माहीत आहे. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर उभं राहून नुसता फोटो पाठवून बघा. पाच काड्या आणि एक टिक.

इथे तुम्ही त्याच कंपनीचं सिम डोंगलमध्ये घातलंत तर काय होईल? काही नाही. जलवाहिनी तीच, फक्त नळाची तोटी बदलली.

कोटा, म्हणजे टाकी

डेटाचा हिशोब एकदा बोटांवर बसला की आयुष्यभर उपयोगी पडतो. वेग एमबीपीएसमध्ये सांगतात, ते मेगाबिट. फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १ एमबीपीएसची धार तासभर सोडली तर ४५० एमबी भरतं. साध्या दर्जाच्या ग्रुप व्हिडिओ कॉलला जाणं-येणं मिळून दीड एमबीपीएस धरलं तर तासाला पावणेसातशे एमबी गेले. रोजचा २ जीबी असेल तर तीन तासांत टाकी कोरडी. त्याच मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, कुणाची स्क्रीन नाही आणि फक्त आवाज ठेवला तर तासाला सत्तर-ऐंशी एमबीत भागतं. फरक जवळजवळ नऊपट.

आणि टाकी संपली की बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. नेट बंद झालं असं फोन सांगत नाही, म्हणून माणूस रेंजला शिव्या घालत बसतो. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी. पाच एमबीची एक पीडीएफ उतरायला दहा मिनिटांहून जास्त. व्हॉट्सअॅपचा मजकूर तेवढा जातो.

घरी अमर्याद ५जी वापरायची सवय झालेले इथे हमखास फसतात. त्या पॅकमध्येही ४जीवरचा रोजचा कोटा वेगळा असतोच. शहरात फोन ५जीवर असतो तोवर काही मोजलं जात नाही. गाडी मोहोळ-माढ्याकडे निघाली, फोन ४जीवर उतरला, की मीटर सुरू. दौंडला पोचेपर्यंत कोटा गेला आणि कळलंही नाही.

बरं, हा डेटा मीटिंगच खाते असं नाही. हॉटस्पॉट लॅपटॉपला वायफायसारखाच दिसतो. घरचं ब्रॉडबँड समजून तो विंडोजचे अपडेट खेचतो, वनड्राइव्ह-गूगल ड्राइव्ह फायली चढवतो, फोटो सिंक करतो. विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटच्या गुणधर्मांत ‘मीटर्ड कनेक्शन’ नावाचं बटण आहे, ते एकदा चालू करून ठेवा. बरेचसे अपडेट थांबतात. मॅकच्या नव्या आवृत्त्यांत ‘लो डेटा मोड’ आहे. ड्राइव्हचं सिंक मात्र स्वतः हाताने थांबवलेलं बरं. माझ्या मते प्रवासाची अर्धी लढाई या दोन बटणांत आहे आणि त्याला खर्च शून्य. दर महिन्याला दोघं-तिघं तरी ‘नेट पॅक पुरत नाही, मोठा डोंगल द्या’ म्हणत येतात. मी हे बटण दाबून परत पाठवतो. धंद्याच्या दृष्टीने हे काही शहाणपणाचं नाही.

मग साधनं कुठली

मोबाइलचा हॉटस्पॉट सगळ्यांना माहीत आहे, पण तो तीन तऱ्हांनी देता येतो. वायफायने दिला तर सोपा, पण फोनला दुहेरी काम पडतं. एकीकडे टॉवरशी बोलायचं, दुसरीकडे वायफाय पसरवायचं. बॅटरी पळते आणि फोन तापतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीसला टेकलेला असताना एसटीच्या खिडकीत फोन ठेवून हॉटस्पॉट चालवला तर फोन आपणहून काम मंदावतो, चार्जिंगही थांबवतो. ते बिघाडाचं लक्षण नाही, स्वतःचा जीव वाचवणं आहे. सावलीत ठेवा, कव्हर काढा. चालत्या गाडीत उशीखाली तर अजिबात नको.

हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पर्याय दिसतात. फोन आणि लॅपटॉप एकाच टेबलावर असतील तर ५ घ्या. गर्दीच्या डब्यात २.४ वर शेजारच्यांचे हॉटस्पॉट, ब्लूटूथचे इअरबड सगळेच भांडत असतात. (५ गिगाहर्ट्झ आणि ५जी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा येतो.)

दुसरी तऱ्हा वायरीची, म्हणजे यूएसबी टेदरिंग. मला हीच सगळ्यात आवडते. चार्जिंगची केबल फोनमधून लॅपटॉपला लावायची आणि हॉटस्पॉटच्याच पानावर यूएसबी टेदरिंग चालू करायचं. वायफायची भानगड मधून गेली, फोन कमी तापतो आणि चार्जही होत राहतो. बदल्यात लॅपटॉपची बॅटरी थोडी लवकर उतरते. विंडोज आणि लिनक्सवर हे बिनबोभाट चालतं. मॅकला अँड्रॉइड फोन जोडला तर दर वेळी जमेलच असं नाही, निघण्याआधी घरी करून बघा. केबल डेटाची असावी. नुसती चार्जिंगची स्वस्त केबल लावून ‘चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ.

तिसरी ब्लूटूथची. संथ, पण बॅटरी फार कमी खाते. एसटी स्टँडवर बसून दोन मेल टाकायचे असतील तर पुरे.

आता डोंगल. बाजारातले बहुतेक ४जी डोंगल आणि खिशातले वायफाय डबे ‘कॅटेगरी ४’चे असतात. त्यांची कागदावरची कमाल म्हणजे उतरवताना १५० एमबीपीएस, चढवताना ५०. ही झाली आदर्श स्थितीतली मर्यादा. बरेचसे नवे फोन यापुढे गेलेले आहेत. ते एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या लहरींवरून डेटा ओढतात, शिवाय त्यांचे अँटेना चांगले असतात. म्हणजे तेच सिम फोनमधून काढून डोंगलमध्ये घातलं तर वेग बहुधा कमीच होईल. लोक वेगासाठी डोंगल घेतात, तिथेच गाडी घसरते.

खिशातल्या डब्याचे फायदे आहेत, पण ते वेगळे. फोनची बॅटरी वाचते, कॉल आला तर काम अडत नाही, चार माणसं एकाच डब्यावर बसू शकतात, आणि तो खिडकीत ठेवून आपण आतल्या सीटवर बसू शकतो. टॉवेलचे नमुने घेऊन महिन्यातून तीनदा मुंबईला जाणारे आमचे एक गिऱ्हाईक आहेत. हिशोबनीस आणि मुलगा बरोबर. तिघांचे लॅपटॉप, दिवसभर फोनवर बोलणं. त्यांना मी डबा घ्याच म्हटलं होतं. भाचीला नाही.

कारण तिच्या कपाटात जुना ४जी फोन पडून होता. त्यात सिम घातलं, हॉटस्पॉट चालू केला, की झाला खिशातला वायफाय डबा. स्क्रीन मोठी, अँटेना बरा, सिग्नलचा आकडाही बघता येतो. एकच तपासा. मागचं झाकण फुगलेलं दिसत असेल, फोन टेबलावर ठेवल्यावर डुलत असेल, तर बॅटरी फुगली आहे. तो फोन प्रवासात न्यायचा नाही, चार्जिंगलाही लावायचा नाही.

काही लॅपटॉपमध्ये सिमची जागा आतच असते, मुख्यतः कंपन्यांसाठी बनवलेल्या मॉडेलमध्ये. वापरायला सगळ्यात सुटसुटीत, झाकण उघडलं की नेट. पण ही सोय लॅपटॉप घेतानाच घ्यावी लागते. नुसती सिमची खाच दिसली म्हणून खूश होऊ नका. आतलं कार्ड आणि झाकणातून फिरवलेल्या अँटेनाच्या तारा पुष्कळदा बसवलेल्याच नसतात, आणि नंतर बसवणं म्हणजे झाकण पूर्ण खोलणं. तेवढ्यासाठी वीस-पंचवीस हजार जास्त मोजायची माझी तरी तयारी नाही.

दुसऱ्या कंपनीचं सिम

भाचीला मी शेवटी सांगितलं ते हे. तुझ्याकडे एकच नेटवर्क आहे. यंत्र कुठलंही आणलंस तरी कुर्डुवाडीच्या पुढे त्या नेटवर्कचा खड्डा तिथेच राहणार. खड्डा चुकवायचा तर दुसरा रस्ता हवा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम. दोन्ही कंपन्यांचे खड्डे एकाच ठिकाणी असतील असं क्वचितच होतं.

कधी होतं? टॉवरचा मनोरा पुष्कळदा एकाच मालकाचा असतो आणि दोन-तीन कंपन्या त्यावर भाडेकरू असतात. उपकरणं वेगळी, लहरी वेगळ्या, पण वीज आणि बॅटरी गेली तर सगळेच अंधारात. वळवाच्या पावसात लाइट गेल्यावर गावात एकदम सगळ्यांची रेंज का जाते, त्याचं हे एक कारण.

दुसरं सिम कुठलं घ्यायचं ते जाहिरात बघून ठरवू नका. कंपन्यांच्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे असतात, पण एसी डब्याच्या आत काय होतं ते नकाशा सांगत नाही. रोज त्याच गाडीने जाणाऱ्यांना विचारा. पासवाल्यांना कुठल्या स्टेशननंतर कुणाची रेंज जाते हे तोंडपाठ असतं. ई-सिम चालणारा फोन असेल तर कार्डाची कटकटही नाही. फक्त लक्षात ठेवा, एका फोनमध्ये दोन सिम असली तरी डेटा एका वेळी एकाच सिमवरून चालतो. दुसरं वापरायचं तर सेटिंगमध्ये बदलावं लागतं, आणि त्या बदलात मीटिंग काही सेकंद तुटते. दुसरं सिम जुन्या फोनमध्ये असेल तर लॅपटॉपवर नुसतं वायफायचं नाव बदलायचं. आणि ते सिम नुसतं ठेवून देऊ नका. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो. महिन्यातून एकदा तरी रिचार्ज किंवा वापर हवाच.

५जीबद्दल एक सल्ला, जो ऐकून लोक मला जुनाट म्हणतात. प्रवासात फोन ४जीवर बांधून ठेवा. वेगवान ५जी बऱ्याच अंशी ३,५०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि त्या लांब जात नाहीत, भिंतीत-काचेत अडकतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पोचतात, पण त्यांची धार बारीक. हायवेवर फोन ५जी दिसलं की तिकडे धावतो, गाव संपलं की परत ४जीवर येतो, आणि प्रत्येक फेरीत नेट अडखळतं. मीटिंगला वेग नको असतो, सातत्य हवं असतं. दीड एमबीपीएस अखंड मिळाले तर ते शंभर एमबीपीएसच्या झटक्यांपेक्षा बरे. जाता जाता, दर दहा मिनिटांनी स्पीड टेस्ट करायची खोड असेल तर ती सोडा. चांगल्या वेगावर एक टेस्ट शंभर-सव्वाशे एमबी खाऊ शकते.

स्टेशनचं आणि हॉटेलचं वायफाय

रेल्वे स्थानकांवरचं मोफत वायफाय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं आणि रेल्वेच्याच रेलटेल कंपनीने ते ६ हजारांहून जास्त स्थानकांवर नेलं. मोबाइलवर ओटीपी येतो, रोज पहिला अर्धा तास १ एमबीपीएसवर फुकट, पुढे पैसे देऊन वाढवता येतं. वरचा हिशोब आठवा, १ एमबीपीएस म्हणजे अर्ध्या तासात फार तर सव्वादोनशे एमबी. गाडीची वाट बघताना मेल उतरवून घ्यायला ठीक. गाडी हलली की ते मागे राहिलं.

हॉटेल-लॉजच्या वायफायवर बँकेची कामं करू नयेत असं म्हणतात. आजकाल बँकेची पानं कुलूपबंदच येतात, त्यामुळे वाटेत कुणी मजकूर वाचेल ही भीती पूर्वीइतकी नाही. खरा धोका खोट्या नावाच्या वायफायचा. हॉटेलच्या नावासारखंच नाव, आत गेल्यावर ‘हे सर्टिफिकेट बसवा’ किंवा ‘ईमेलचा पासवर्ड द्या’. असं काही मागितलं की उठायचं आणि मोबाइलवर यायचं. काउंटरवर नाव विचारून घ्यायला लाज कसली?

भाचीने शेवटी दुसरं सिम घेतलं, जुना फोन खिडकीला टेकवायला एक स्टँड घेतला, आणि आमच्याकडून दीडशे रुपयांची केबल. कुर्डुवाडीला आता ती न सांगता वायफायचं नाव बदलते. परवा मुंबईला जायचं होतं तेव्हा तिचा परत फोन, "मामा, घाटात कुठलं सिम चालतं हो?" लोणावळा सोडलं की कर्जतपर्यंत बोगद्यामागून बोगदा आहे, तिथे कुणाचंच धड चालत नाही. फाइल आधीच ऑफलाइन करून ठेव, मीटिंग कर्जतनंतरची घे आणि तेवढ्या वेळात डबा उघड म्हटलं, मामीने शेंगाचटणी दिली आहे.